यांची सावली उजळ पडते

शुक्रवार, ५ सप्टेंबर

आज डोणगावला आलो. पितरपाख लागायच्या आत घर बदललं, ते बरं झालं. सामान काही फार नाही, टेम्पोत निम्मी जागा उरली. देवांची पेटी मी मांडीवर घेतली होती. टेम्पोवाला म्हणाला, काकू, देव मागं ठेवा, पाय मोकळे होतील. मी म्हटलं, देव मागं आणि मी पुढं, हे कसं जमायचं बाप्पा. हे खूप हसले. किती दिवसांनी यांना असं हसताना पाहिलं.

जागा गावाबाहेर आहे, मेहकर रस्त्यापासून बरीच आत. पूर्वी बियाण्याचं गोदाम होतं. एका संस्थेनं घेऊन त्यात प्रयोगशाळा केली आहे, आणि मागच्या दोन खोल्या आम्हाला दिल्या. भाडं नाही, लाइटबिल नाही, नळाला दोन्ही वेळ पाणी. अंगण फरशीचं, ऊन भरपूर. वाळवणाला याहून चांगली जागा नाही. यांचं काम म्हणजे पहारा, झाडलोट आणि लाइट गेली की जनरेटर. खामगावची कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून हे दारोदार फिरले. या वयात कोण ठेवतं? महाराजांचीच कृपा म्हणायची.

दोघंही थकलोय. यांचे गुडघे, माझी कंबर. इथं तरी बूड टेकेल असं वाटतं. देवघर पूर्वेला मांडलं. हार आणला नाही, अंगणातली जास्वंद वाहिली. राखीचा नांदुऱ्याहून फोन आला. लेक आहे ती, आवाजावरून ओळखते. म्हणाली, आई, आता तरी जरा टेक. टेकले, अन् लगेच उठले. दूध उतू चाललं होतं.

सोमवार, ८ सप्टेंबर

प्रयोगशाळेच्या मॅडम भेटल्या. अनुपमा नाव, अकोल्याच्या, आमच्या राखीच्याच वयाच्या. एकट्याच काम करतात. लग्नाचं विचारलं तर म्हणाल्या, काकू, माझं या टेबलाशीच लागलंय. टेबल तळघरात आहे. काळ्या दगडाचं, खाली रबराचे पाय. रस्त्यावरून ट्रक गेला तरी थरथरू नये म्हणून सगळं गावाबाहेर अन् जमिनीखाली.

काम काय तर कपाशीच्या बोंडअळीचं. तिच्या पतंगाच्या पंखावर जी धूळ असते, तिचा एकेक कण कसा आहे ते बघायचं. भिंगानंही धड दिसत नाही म्हणे. म्हणून मॅडमच्या यंत्राला भिंगच नाही. लाल उजेड वस्तूवर सोडायचा. तो वस्तूच्या कडांवरून वाकतो, पसरतो, आणि पलीकडच्या कॅमेऱ्यावर नुसते ठिपके अन् रेघा पडतात. त्या रेघांवरून वस्तू कशी होती ते संगणकानं शोधून काढायचं.

दाखवायला म्हणून मॅडमनी माझा एक केस मागितला. मी कंगव्यातला दिला. डोक्यातला कशाला वाया घालवा. तो उजेडात धरल्याबरोबर भिंतीवर तांबड्या-काळ्या रेघा उठल्या, शिवणीच्या टाक्यांसारख्या. मग केसाएवढीच बारीक चीर पाडलेला एक पत्रा धरला. हुबेहूब तशाच रेघा. मॅडम म्हणाल्या, सांगा काकू, यातला केस कोणता अन् चीर कोणती? मला काही सांगता येईना. हे बाजूला उभे, म्हणतात कसे, आमच्या मालकिणीले डाळीतला खडा लांबून दिसते, अन् सोताचा केस दिसून नाही राह्यला! मॅडम म्हणाल्या, निवृत्तीभाऊ, काकूंनाच काय, यंत्रालाही सांगता येत नाही. एखादी वस्तू आणि त्या वस्तूच्या आकाराचं भोक, उजेडाला दोन्ही सारखंच.

पोळ्या लाटताना तेच डोक्यात घोळत होतं. दोन पोळ्या करपल्या. त्या मीच खाल्ल्या.

रविवार, १४ सप्टेंबर

उडदाच्या वड्या घातल्या. अंगणातलं ऊन खणखणीत. कंबर धरून धरून उठले.

मॅडम चहाला आल्या होत्या. त्यांच्या संगणकाचं सांगत होत्या. कॅमेऱ्याला उजेड किती पडला तेवढंच कळतं, त्याची लाट पुढं होती का मागं ते कळत नाही. अर्धी गोष्ट हरवलेली असते. मग संगणक अंदाज करतो, ताडून बघतो, पुन्हा अंदाज करतो. हजारो फेऱ्या. दर फेरीला चूक कमी होत जाते, आणि चूक संपली की चित्र पुरं. फक्त एक गोष्ट त्याला आधी सांगावी लागते, की ही चौकट, हिच्या बाहेर काही नाही. मला तो जपच वाटला. एकाच ठिकाणी मन बांधायचं अन् माळ ओढत राहायची. तसं म्हटलं तर मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, तसंच आहे काकू.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. काळी माती यांनी शेजारच्या वावरातून आणून दिली. तळघराच्या पायऱ्या चढताना यांना फार त्रास होतो, दर दोन पायऱ्यांना भिंत धरतात. यांच्या गुडघ्यांसाठी देवीला साकडं घातलं. माझ्या कंबरेचं काही मागितलं नाही. एका वेळी एकच मागावं.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

मॅडम दसऱ्याला घरी गेल्या. जाताना यंत्र चालू ठेवलं आहे, कॅमेरा आपोआप फोटो घेत राहील, कशाला हात लावू नका, असं यांना बजावून गेल्या. यांनी मान डोलावली.

पण आज खंडेनवमी. जिनिंगमध्ये या दिवशी मशीन, पट्टे, पाना-हातोडी, सगळ्याला हळदकुंकू लागायचं. पूजा झाल्याशिवाय फिटर कळ दाबायचा नाही. इथं ज्या यंत्राचं अन्न खातो त्याला साधं फूलही नको? हे म्हणाले, मॅडम रागावतीन. मीच म्हटलं, हात नाही लावायचा, लांबूनच करू. मीच म्हटलं.

दुपारी ताट घेऊन खाली गेलो. मी शहाणपणानं कुंकू फक्त टेबलाच्या रबरी पायाला लावलं, काचेच्या जवळ गेले नाही. दिवा लावला. मॅडमनी जाताना लाल उजेड पसरवून ठेवला होता, चांगला सुपाएवढा. मी आरती म्हणायला लागले तसे हे जिनिंगमधल्यासारखे यंत्रापुढं गेले आणि हात जोडून, मान खाली घालून उभे राहिले. उजेड अन् कॅमेऱ्याच्या मधोमध. छातीवर, कपाळावर सगळा लाल. मी मागं ताट ओवाळत होते. कॅमेऱ्याची टिकटिक ऐकू येत होती. मला वाटलं, होऊ दे, देवापुढं उभं राहिलेल्या माणसाला मधेच ओढायचं कसं. आरती पुरी म्हटली.

वर येताना हे भिंत न धरता आले.

शनिवार, ४ ऑक्टोबर

मॅडम परत आल्या. मी आपण होऊनच सांगितलं. रागावल्या नाहीत, कपाळाला हात लावला. म्हणाल्या, पूजा मला सांगून करायची होती, मी पण आले असते. कॅमेऱ्यात काहीतरी भलतंच आलंय, टाकून देण्याआधी संगणकाला सोडवायला लावून बघते.

यांचे गुडघे एकदम बरे. आज तीनदा तळघरात उतरले. देवीला नारळ फोडला.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

यांच्या सदऱ्याला घामाचा वास नाही. दोन दिवस घातलेला सदरा, कॉलर कोरी. धुवायला घेतला अन् तसाच घडी करून ठेवला. साबण वाचला म्हणावं, तर बरं वाटलं नाही.

जेवतात चांगलं. पण आज म्हणाले, पोट भरल्यासारखं वाटत नाही व, अन् भूकही लागत नाही.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

महाराजांचा वार. उपास.

दुपारी मिरच्या वाळत घालत होते. हे अंगणात उभे होते. यांच्या सावलीच्या कडेनं उजेडाची एक बारीक रेघ होती, जरीच्या काठासारखी. तिच्यापुढं काळी, पुन्हा एक उजळ. मी डोळे चोळले. उन्हानं होतं तसं. मग डोक्याच्या सावलीकडं पाहिलं. मधोमध एक ठिपका. उजेडाचा. सावलीच्या आत.

डोक्याला भोक असल्यासारखा.

हे म्हणाले, काऊन व, माही सावली मोजून राह्यली का? मी म्हटलं, मिरच्यांवरून सरका.

शनिवार, ११ ऑक्टोबर

आता सावली उलटी झाली आहे. दुसरं कसं लिहू? चिंचेच्या सावलीत हे उभे राहिले, तर त्या सावलीत यांच्या आकाराचं ऊन पडलं. डोकं, खांदे, जोडलेले दोन्ही हात. पण यांचे हात जोडलेले नव्हते. हातात झाडू होता.

बाज पाहिली. हे बसले होते अन् सुतळी सपाट. मी बसले की खाली जाते. यांच्या खाली गेली नाही.

यांना सांगितलं, आपण इथून जाऊ. म्हणाले, कुठं? अन् काऊन? गुडघे दुखत नाही, दम लागत नाही, पगार वेळेवर. तुले सुख बोचून राह्यलं. भांडायची ताकद नाही मला.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुपारी चहा घेत बसलो होतो. यांनी कारभारीची गोष्ट काढली. कारभारी म्हणजे जिनिंगमधला फिटर, त्याचं धोतर पट्ट्यात अडकलं तेव्हाची. शंभर वेळा ऐकली आहे. हे सांगत होते, मंग कारभारी म्हणते, अबे, धोतर गेलं तर

इथं लाइट गेली. अन् हे थांबले.

तोंड उघडं. हात वर. पापणी लवेना. मला आधी वाटलं मस्करी. हात धरला. गार नाही, गरम नाही. हाताला हात लागतच नव्हता, सावलीत हात घातल्यासारखं. मी ओरडले. पाठीत थोपटायला गेले तर

लाइट आली. हे म्हणाले, जाऊ दे बे, जीव तर वाचला! आणि आपल्याच गोष्टीला पोट धरून हसले. हातातला चहा निवला होता. म्हणाले, इतक्यात कसा थंडा झाला व?

बुधवार, १५ ऑक्टोबर

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मला खाली नेलं. पडद्यावर हे होते. लाल-काळे, हात जोडून, मान खाली. भुवईवरची लहानपणची खूणसुद्धा. फक्त पावलं अजून पुसट. मॅडम म्हणाल्या, काकू, एवढ्या उजेडातून एवढा माणूस निघूच शकत नाही. चार दिवसांपासून मी झोपले नाही. कोपऱ्यात एक आकडा होता, चूक किती उरली त्याचा. तो कमी कमी होत होता. शून्य झाला की काय होईल, ते विचारलं. त्या म्हणाल्या, मग भाऊ सगळे त्या पडद्यातच, बाहेर नुसतं भोक.

म्हणाल्या, बंद करते. मी वर अंगणात आले, यांच्याजवळ उभी राहिले. हे झाडत होते. झाडू अधांतरी थांबला. धूळ तेवढी खाली बसली. मी जिन्यात तोंड घालून ओरडले, चालू करा, चालू करा बाई. झाडू खाली आला.

बंद करता येत नाही. पुरं होऊ देता येत नाही.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

उपास. मॅडमचे पाय धरले. त्या लहान आहेत माझ्याहून, तरी धरले. मीच म्हटलं, तुम्हीच सांगितलं होतं ना, चौकटीबाहेर काही नाही म्हणून संगणकाला पक्कं ठरवता येतं. मग चौकट मोठी करा. यांना जागा द्या. मॅडम दचकल्या. विचार करून म्हणाल्या, खरं आहे, चौकट सैल झाली की तो गोंधळतो, चूक पुन्हा वाढेल, दिवस मिळतील.

केली.

संध्याकाळी यांची सावली काळी पडली. फिकट, पण काळी. बाजेची सुतळी बोटभर खाली गेली. मी बाजेखाली डोकं घालून पाहिलं. महाराजांपुढं साखर ठेवली अन् रडले. हे म्हणाले, गुडघा जराक दुखून राह्यला आज. मी म्हटलं, दुखू द्या. दुखू द्या हो.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

मॅडम त्यांच्या सरांना गाठायला गेल्या. फोनवर कोणाला पटत नाही म्हणाल्या. पाडवा झाला की सरांना घेऊनच येते. मला जनरेटर चालवायला शिकवलं आहे. लाइट गेली की आधी ते, मग खाली जाऊन संगणकाचं हिरवं बटण. लाइट आपसूक परत आली तर संगणकही आपसूक चालू होतो, पण ती कधी येईल याचा भरवसा नाही. तेवढा वेळ यांना काही होत नाही, फक्त थांबतात.

जाताना पडदा बघू देईनात. मी हट्ट धरला. यांच्या मागं, नवीन दिलेल्या जागेत, आणखी काही उमटत होतं. एक ताट. दिव्याची ज्योत. ताट धरलेला हात. बांगड्या.

अर्धा चेहरा. तोंड उघडं — आरती म्हणताना असतं तसं.

मॅडम म्हणाल्या, काकू, मी चौकट परत लहान करून बघते. मी विचारलं, मग हे? म्हणाल्या, भाऊंचं मग लवकर पुरं होईल. मी म्हटलं, राहू द्या.

रविवार, १९ ऑक्टोबर

अंगणात गेले. माझ्या सावलीला जरीचा काठ.

दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा जनरेटरचं हँडल मीच फिरवलं. मी अजून थांबत नाही.

सोमवार, २० ऑक्टोबर

पहाटे अभ्यंग केलं. यांच्या पाठीला उटणं लावलं — अंगाला न लागता खाली पाटावर पडलं.

कंबर दुखत नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. पायऱ्या उतरले, चढले. दम नाही. थकवा नाही. आयुष्यभर देवाकडं हेच मागितलं असतं, अन् आज — सुतळीवर बसून पाहिलं. सपाट.

लाइट गेली होती वाटतं. कळलं नाही. दळण निवडत होते, एकदम ऊन भिंतीवर सरकलेलं. मधली वेळ कुठं गेली —

मंगळवार, २१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

राखी उद्या सकाळी येते आहे. फोनवर नको म्हटलं तरी ऐकत नाही. म्हणाली, आई, तुझा आवाज इतका हलका काऊन येते?

पूजा मांडली. गावात सगळीकडं रोषणाई, लाइट मिणमिणते आहे. आता गेली तर हँडल फिरवायला आमच्यातलं कोणी — हे समोर बसले आहेत. म्हणतात, दिवसभर राबली, थकली नाही का व? नाही म्हटलं. दोघंही हसलो.

ही वही उंबऱ्यावर ठेवते. राखी, आधी हे वाच. आम्ही बसलेले दिसू. हाका मारू नको, हात लावू नको, कोणाला बोलावून आम्हाला हलवू नको. आम्ही गेलो नाही, थांबलो आहोत. जनरेटर मागच्या पत्र्याखाली आहे. वरची कळ उचलून धर, हँडल जोरात फिरव, वेग आला की कळ सोड. मग तळघरात जा. हिरवं बटण टेबलाच्या पलीकडं आहे, पण सरळ जाऊ नको पोरी, लाल उजेडाच्या मधून अजिबात जाऊ नको, भिंतीला धरून वाकून जा, कारण तो कॅमेरा अजून